वीतभर

आमच्या घरात दार एकतर सताड उघडं असतं नाहीतर कडी लावून बंद. अर्धवट उघडं दार हा आमच्याकडं सगळ्यात मोठा गुन्हा, दूध उतू गेलं तर एवढा आरडाओरडा होत नाही. पाहुणे आले की हे त्यांना सांगावं लागतं आणि सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, का ओ? मग मी शंभूकडं बघते, तो खांदे उडवतो, म्हणजे सांगायचं तर सांग. उघड्या दाराची कड बाजूनं अंगावर येते आणि बाजूचं त्याला दिसत नाही. डाव्या भुवईच्या वर तीन टाके आहेत ते बाथरूमच्या दाराचे.

शंभू आता १४ वर्षांचा आहे, नववीत. शंभू हे घरातलं नाव, शाळेतलं वेगळं, ते इथं लिहीत नाही, त्यानंच सांगितलंय लिहायचं नाही म्हणून.

सुरुवात कधी झाली म्हणाल तर दसऱ्याला. तो सात वर्षांचा होता. कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही दसरा बघायला आम्ही अख्खं घर गेलो होतो, छत्रपतींची मेबॅक गाडी आली, पालख्या आल्या, हे सगळं यानं पप्पाच्या खांद्यावर बसून बघितलं, गाडीच्या रंगावरून ताईशी भांडलासुद्धा. मग सूर्य बुडता बुडता शमीपूजन झालं आणि लोकं सोनं लुटायला धावली, आम्ही याला खाली सोडला, म्हटलं जा, आण दोन पानं. तो जागचा हललाच नाही. दोन्ही हात पुढं करून उभा राहिला आणि विचारतोय, "पप्पा, लाईट का घालवली?"

लाईट गेली नव्हती. चांगला उजेड होता ओ, मला समोरच्या बाईच्या साडीचा काठ दिसत होता.

आम्ही हसलो. आता लिहिताना हात थांबतो पण तेव्हा खरंच हसलो. भित्रा आहे म्हणालो. नंतर संध्याकाळी गल्लीतनं घरी येताना तो माझ्या ओढणीचं टोक धरायला लागला, रात्री बाथरूमला जाताना भिंतीला हात लावत जायला लागला, मग डॉक्टरांकडं नेलं. रातांधळेपणा म्हटलं की पहिलं नाव येतं अ जीवनसत्त्वाचं, आणि ते काही चूक नाही, लहान पोरांत ते कारण असतंच. त्यामुळं औषध झालं, गाजर झालं, पपई झाली, शेवग्याचा पाला झाला, आत्यांनी तर लाल भोपळ्याच्या घाऱ्या इतक्या केल्या की आजही घाऱ्या म्हटलं की पोरगं उठून जातं. वर्ष गेलं. फरक शून्य.

दुसरी गोष्ट फुटबॉलची. आमच्या घरात फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. माझा भाऊ दिलबहारचा, आमचे हे पाटाकडीलचे, शाहू स्टेडियमला मॅच असली की माहेर आणि सासर एकमेकांशी दोन दिवस बोलत नाही. शंभू चांगला खेळायचा, पायात बॉल असला की कुणाला ऐकायचा नाही. पण बाजूनं पास आला की गेलाच, बॉल शेजारनं निघून जायचा आणि हा समोर बघत उभा. "लक्ष कुठं असतं रे तुझं?" हे वाक्य त्याला त्या वर्षात किती लोकांनी ऐकवलं असेल! त्यात मी पण आहे.

शेवटी पुण्याला नेलं. तिथं तपासण्या झाल्या. त्यातली एक म्हणजे एका पांढऱ्या गोल घुमटात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडं बघत बसायचं, आजूबाजूला कुठं बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बसून बटणाचा आवाज मोजत होते. फार वेळ आवाजच यायचा नाही. मला वाटलं पोरगं झोपलं.

रेटिनायटिस पिगमेंटोसा. आरपी म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यात दोन जातीच्या पेशी. दंडपेशी अंधारातलं आणि कडेचं बघतात, शंकूपेशी मधलं, बारीक, रंगाचं. आरपीत बहुतेक वेळा आधी दंडपेशी मरत जातात, हळूहळू, कित्येक वर्षं, मग शंकूपेशींचा नंबर लागतो. म्हणून आधी रात्र जाते, मग कडा जातात आणि मधलं शेवटपर्यंत टिकतं. कुणाचं किती टिकेल हे सांगता येत नाही. चष्म्यानं जात नाही, ऑपरेशनचा विषय नाही. जगात साधारण चार हजार माणसांत एकाला असतं.

मग डॉक्टर म्हणाले, हात समोर लांब करा आणि वीत पसरा. मी पसरली. म्हणाले अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं झाकलं ते साधारण २० अंश. आता मूठ करा, हे १०. आपल्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून १८० च्या आसपास दिसतं. "याला आत्ता ४० आहे." म्हणजे दोन विती. मी हात तसाच पुढं धरून बसले होते, यांनी माझा हात खाली घेतला.

लोकांना यातलं जे पटत नाही ते हे, की शंभूला बारीक अक्षर दिसतं. औषधाच्या बाटलीवरचं वाचतो. आणि वाटेतल्या बादलीला धडकतो. त्यामुळं सोंग करतोय असं वाटणाऱ्यांची आम्हाला कधी कमी पडली नाही. सर्टिफिकेटच्या वेळी एका ऑफिसात टेबलामागच्या माणसानं त्याच्यापुढं पेपर धरला, यानं खडाखडा वाचला, तो माणूस माझ्याकडं बघून हसला, काय म्हणायचं ते त्या हसण्यात आलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे त्यात स्पष्ट लिहिलंय, नुसती नजर नाही, नजरेचा घेरही मोजायचा. ४० अंशांच्या आत अल्पदृष्टी, १० च्या आत अंधत्व. म्हणजे मूठभर राहिलं की कायद्यानं अंध, मग तो पेपर वाचत का असेना. हे मला पाठ झालं होतं, पण त्या टेबलापुढं तोंडातनं शब्द फुटला नाही. घरी येऊन कुकरवर राग काढला.

आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते. माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. आमच्याकडं यात काही विशेष नाही, मामाची पोरगी करायची पद्धतच आहे, घरातलं घरात, पोरगी ओळखीची, सोनंनाणं बाहेर जात नाही. मी लहानपणी आत्याला 'अगं तू' म्हणायची, लग्नानंतर 'तुम्ही' झाल्या, एवढाच काय तो फरक. (आणि आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतो, इथं लिहिताना शाळेतल्या बाई आठवतात म्हणून 'आले, गेले' चाललंय.) तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, नात्यात लग्न आहे का? आणि मग कागदावर आकृती काढली, वर आजी-आजोबा, खाली आत्या आणि माझे वडील, त्याखाली आम्ही दोघं. वर कुणाकडं तरी जनुकाची एक बिघडलेली प्रत होती, ती दोन वाटांनी खाली आली आणि शंभूत येऊन भेटली. एकच प्रत असली तर काही होत नाही, आमच्या दोघांकडं एकेक आहे, आम्हाला काही नाही. दोन्ही आल्या तर आजार. प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. यांनी विचारलं, म्हणजे पहिली मुलगी चांगली आहे तर... डॉक्टर म्हणाले तसं नसतं, फासा दर वेळी नव्यानं पडतो.

ही आकृती आम्ही आत्यांना दाखवली नाही. पण त्या काय अडाणी आहेत का? चार दिवसांनी ओट्यापाशी माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "मीच दादाच्या दारात बसून मागून आणली न्हवं तुला." मी म्हटलं आत्या, तसं नाही ओ. त्या म्हणाल्या, "मग कसं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या वर्षी त्या माझ्या माहेरी रक्षाबंधनाला गेल्या नाहीत. माझे वडील दिवसभर बिनराखीचे बसले होते असं आई फोनवर म्हणाली.

बऱ्याच नंतर एकदा त्यांनी स्वतःच त्यांच्या चुलत आजोबांची गोष्ट काढली. गावाकडं असायचे, दिवस मावळला की गोठ्यातल्या दावणीला हात लावून बसून राहायचे, रात्री पाणी पाजायला म्हणून कधी शेतात गेले नाहीत, सगळं गाव आळशी म्हणायचं. "आळशी न्हवता गं," आत्या म्हणाल्या, "आंधळा व्हता." आणि रडल्या, शंभूसाठी नाही, त्या म्हाताऱ्यासाठी.

शंभूला आम्ही काही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं. डोळे जरा वीक आहेत, मोठा झालास की बघू. फाईल कपाटात वरच्या खणात, साड्यांच्या खाली. सगळ्यांना ताकीद, ताईला पण. आणि त्याच दोन वर्षांत आम्ही त्याला जग दाखवत सुटलो. आत्ता दिसतंय तोवर बघून घेऊ दे म्हणून. दर रविवारी कुठंतरी. पन्हाळा, मसाईचं पठार, राधानगरीचं धरण, समुद्र तर दोन वेळा. रंकाळ्यावर सूर्य बुडताना बघ, इकडं बघ, तो पक्षी बघ, नीट बघ, बघितलास का, काय रंग होता सांग. मी त्याची परीक्षा घेतल्यासारखं विचारायची. अंबाबाईचा किरणोत्सव दाखवायला नोव्हेंबरच्या १० तारखेला तीन तास गर्दीत उभे राहिलो. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, लांबच्या लांब मंडपातनं गाभाऱ्यापर्यंत जातात, ९ ला पायांवर, १० ला छातीपर्यंत, ११ ला मुखावर असा क्रम, किरणं नीट दिसावी म्हणून आतले दिवे घालवलेले. आत अंधार आणि पुढं माणसांची डोकी. मी त्याला वर उचलायला बघतेय, दहा वर्षांचं पोरगं उचलतंय होय माझ्याच्यानं, आणि तो म्हणतोय, "आई राहू दे, इथं सगळ्यांनाच एवढंसं मधलंच दिसतंय."

मी त्याच्याकडं चमकून बघितलं, तो पुढं बघत होता. मला वाटलं सहज बोलला.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा ठरला. रंगाऱ्यानं पोरांच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि मला हाक मारली. "वहिनी, ह्या रेघा घासून काढू का?"

कपाटामागं पोरांची उंची मोजल्याच्या रेघा आहेत हे मला माहीत होतं, मीच मारलेल्या. त्या उभ्या चढत गेलेल्या. पण त्यांच्या शेजारी, कपाटाच्या आडोशाला, दुसऱ्या रेघा होत्या. मध्ये एक खिळा ठोकलेला आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला पेन्सिलीच्या बारीक रेघांच्या जोड्या, प्रत्येकीला तारीख. सगळ्यात बाहेरची जोडी दोन वर्षांपूर्वीची, मग एकेक जोडी आत, आत. अक्षर ताईचं.

संध्याकाळी ताईला विचारलं. ती आधी काहीच बोलेना, मग एकदम सगळं बोलली. शंभू भिंतीपासून दोन फरशा मागं उभा राहायचा, एक डोळाही न हलवता खिळ्याकडं बघायचा. ही लांबून खडू सरकवत आणायची, त्याला दिसला की तो 'थांब' म्हणायचा, तिथं रेघ. दर वाढदिवसाला आणि दर दिवाळीला. कपाट दोघं मिळून ढकलायचे, आम्ही बाजारात गेलो की. कल्पना कुणाची? त्याची. का? "आई, त्यानं फाईल वाचलीय. कधीच वाचलीय."

शंभू दारात उभा होता. (दार सताड उघडं.) म्हणाला, "इंग्लिश मीडियमला घातलंय ना तुम्ही मला."

मग मीच वीत घेतली आणि भिंतीवर लावली. पहिली जोडी चार वितींची, शेवटची दोन वितींच्या थोडी वर. (दोन फरशा म्हणजे हाताच्या दुप्पट लांब, म्हणून भिंतीवरच्या चार विती म्हणजे डॉक्टरांच्या दोन.) पुढच्या खेपेला हे मी डॉक्टरांना सांगितलं, वाटलं हसतील, तर ते खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले मशीन यायच्या आधी डॉक्टर असंच मोजायचे, काळा पडदा टांगायचा, मध्ये ठिपका, काडीच्या टोकाला पांढरी टिकली लावून बाहेरनं आत आणायची. आणि आकडा ताडून बघितला तर पोरांचं माप मशीनच्या जवळपास येत होतं. शंभूला एवढा आनंद मी फुटबॉलच्या गोलनंतर पण बघितला नव्हता.

आम्ही त्याच्यापासनं लपवत होतो ते त्याला रडू येऊ नये म्हणून. तो आमच्यापासनं का लपवत होता हे मी त्याला त्या रात्री विचारलं. म्हणाला, "तुम्ही रविवारी एवढं फिरवत होता, पेट्रोल घालून. मला वाटलं मला कळलंय म्हणून कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल." आणि थोड्या वेळानं, "मला समुद्राला बोअर झालं होतं पण."

मी त्याला विचारलं, कडेला काळं दिसतं का रे? हा प्रश्न दोन वर्षं माझ्या पोटात होता. तो म्हणाला, "तुला तुझ्या पाठीमागं काय दिसतं? काळं दिसतं का?" मी म्हटलं नाही, काहीच दिसत नाही. "हां, तसं. काळं नाही. नसतंच ते."

त्यानंतर घरात बोलायला मोकळीक झाली आणि किती तरी गोष्टी आम्ही उलट्या करत होतो ते कळलं. शाळेत बाईंनी मायेनं त्याला पहिल्या बाकावर आणलं होतं. वीतभर खिडकीतनं बघणाऱ्याला फळ्याच्या इतकं जवळ बसवलं तर त्याला फळ्याचा तुकडाच दिसणार की! मागं सरकला तर त्याच खिडकीत जास्त फळा मावतो. आता तो मधल्या रांगेत चौथ्या बाकावर बसतो, आणि हे त्यानं कधीच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. घरात पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लावली. तांबडा रस्सा पांढऱ्या वाटीत आणि पांढरा रस्सा काळ्या वाटीत, स्टीलच्या वाटीत पांढरा रस्सा त्याला दिसायचाच नाही, दोनदा हात भाजला होता. 'तिकडं आहे बघ' हे बंद. तिकडं म्हणजे कुठं? 'टेबलावर, तुझ्या उजव्या हाताला, तांब्याच्या मागं.' हे सोपं वाटतं ना, एक दिवस करून बघा, आपण दिवसात किती वेळा नुसतं बोट दाखवतो ते कळेल.

पाहुण्यांचे व्हॉट्सॲप अजून येतात, अमेरिकेत इलाज निघाला म्हणून. निघालाय, खोटं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तिथं एका जनुक-उपचाराला मंजुरी मिळाली, डोळ्यात आत इंजेक्शननं निरोगी जनुक सोडतात, दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर सांगितली होती. पण तो आरपीई६५ नावाच्या एकाच जनुकासाठी आहे आणि आरपीला कारण होणारी जनुकं ८० च्या वर आहेत. आमची रक्ताची तपासणी झाली, आमचं जनुक दुसरं निघालं. ज्या दिवशी रिपोर्ट आला त्या दिवशी हे जेवले नाहीत. अमुक गावात थेंब मिळतात, तमुक ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, त्यावर आता शंभूच उत्तर लिहितो, 'ट्रायलचे पैसे पेशंटकडून घेत असतील तर ती ट्रायल नाही काका, दुकान आहे.' हे वाक्य डॉक्टरांचं, त्यानं पाठ केलंय. आणि हो, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुणी आपल्या मनानं चालू करू नका, काही जनुकांच्या आजारात ते जास्त झालं तर नुकसानच होतं.

ब्रेलला त्याचा विरोध होता. मला दिसतंय ना अजून, मग? काठीला तर विचारूच नका. काठी घडी घालून दप्तराच्या तळाशी सहा महिने पडून होती. ब्रेलचं कुलूप उघडलं ते मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आत्याचे मिस्टर म्हणून मामा. आमचा चपलांचा धंदा आहे, सुभाषनगरात घराच्या मागंच कारखाना, कारखाना म्हणजे एक शेड आणि पाच माणसं. शंभूला आरपी निघाल्यापासनं शेडमध्ये पाय ठेवायला बंदी होती, रापी, आरी, हातोड्या, सगळी लागायची हत्यारं.

ताईनं एकदा जेवताना लुई ब्रेलची गोष्ट वाचून दाखवली. १८०९ सालचा जन्म, फ्रान्समधल्या खेड्यातला, बाप घोड्याचं खोगीर, लगाम असलं चामड्याचं काम करायचा. पोरगं तीन वर्षांचं असताना बापाच्या दुकानात आरीशी खेळत बसलं आणि आरी डोळ्यात गेली, एक डोळा गेला, त्याच्या संसर्गानं दुसराही गेला. आणि पंधराव्या वर्षी त्यानं सहा ठिपक्यांची लिपी बसवली. मामा घास हातात धरून ऐकत होते. ब्रेल, लिपी, फ्रान्स, यातलं काही त्यांना लागलं नाही. ते म्हणाले, "बापानं आरी उघड्यावर का ठेवली?" आणि ताट सारून उठले.

मला वाटलं आता शेडला कायमचं कुलूप. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभूला हाक मारली आणि शेडमध्ये नेलं, हातात आरी दिली. "टोकाला बोट लावून बघ. हळू. आता दांडा धर. आता डोळं मिटून धर." ब्रेलची पाटी आणि टोचणी मागवली ती आधी मामांनीच उलटसुलट करून बघितली, टोक कागद फाटू नये म्हणून बोथट ठेवलंय हे त्यांना लगेच कळलं, दांडा मात्र पसंत पडला नाही, त्यांनी त्यावर चामड्याची मूठ चढवून दिली. पाटीवर ब्रेल उजवीकडनं डावीकडं टोचत जायचं असतं, कागद उलटला की ठिपके वर येतात आणि मग डावीकडनं वाचायचं. शंभू कुरकुरला, उलटं कसं लिहायचं? मामा म्हणाले, "आम्ही जल्मभर उलट्या अंगानंच शिवतोय की." आपली भारती ब्रेल १९५१ साली ठरली, क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, म म्हणजे पहिला, तिसरा, चौथा. गंमत अशी की छापील मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, जसं बोलतो तसं. मामांना आता सहा-सात अक्षरं येतात. घरातल्या सगळ्यांच्या चपलांच्या अंगठ्याजवळ त्यांनी ठिपके उठवलेत, त्यामुळं उजवी-डावी आणि कुणाची कुठली यावरून होणारी भांडणं बंद झाली, सगळ्यांचीच.

आणि वेणी. कोल्हापुरी चपलेवर चामड्याच्या बारीक दोऱ्यांची वेणी असते ती आमच्याकडं आत्या घालतात. एक दिवस शंभू त्यांच्या शेजारी बसून होता आणि म्हणाला, "आज्जी, तू हाताकडं बघतच नाहीस की." खरंच नाही बघत. चाळीस वर्षं त्या टीव्हीकडं बघत वेण्या घालतायत. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासनं त्या त्याला शिकवायला लागल्या, मालिका लावून दोघं बसतात, त्याची वेणी अजून सैल पडते, आत्या उसवून परत करायला लावतात, दयामाया नाही. आता त्या राखीला माहेरी जातात.

काठी त्यानं पहिल्यांदा बाहेर काढली ती नवरात्रात, रात्री, आमच्याबरोबर नाही, मित्रांबरोबर जायचं होतं म्हणून. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी सहा महिने समजावत होते आणि यानं काढली ती कोणी तरी पोरं 'चल रे' म्हणाली म्हणून. काठीचे त्रास वेगळे. बसमध्ये एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोबाईल बघून एक काका म्हणाले, काय नाटकं करतात आजकालची पोरं. शंभूनं शांतपणे त्यांना वीत पसरायला लावली. काकांनी पसरली पण, भर बसमध्ये. तो स्टॉपवर उतरला तेव्हा काकांचा हात अजून तसाच होता म्हणे. मला हे थोडं वाढवून सांगितलेलं वाटतं, पण असू दे.

आता भिंतीवर दीड वीत आहे. भिंतीला रंग दिला पण तेवढा चौकोन सोडला, तिथं नवी जोडी या दिवाळीला पडली, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर. रेघ यांनी मारली. हात थरथरला म्हणून ती जरा वाकडी आहे आणि ताईनं ते तारखेशेजारी लिहून ठेवलंय, 'पप्पांमुळे वाकडी.'

फुटबॉल दोन वर्षं बंद होता. मग त्याला कुठून तरी कळलं की अंधांचा फुटबॉल असतो, २००४ च्या अथेन्सच्या पॅरालिंपिकपासनं आहे, पाच-पाच जणांचा, बॉलच्या आत खुळखुळा, गोलकीपर तेवढा डोळस आणि बाकी सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, थोडंफार दिसणाऱ्यांच्यासुद्धा. बॉल मागवला. गल्लीतली पोरं आधी गंमत म्हणून आली, कुणी आईची ओढणी बांधली, कुणी शाळेचा टाय, पहिल्या दिवशी दोघांची डोकी आपटून टेंगळं आली आणि त्यांच्या आया माझ्या दारात. तेव्हा शंभूनं नियम सांगितला, बॉलवर चालून जाणाऱ्यानं 'व्हॉय' असं ओरडायचं, मी येतोय असा त्याचा स्पॅनिश अर्थ, म्हणजे टक्कर होत नाही. आता कोल्हापुरातल्या पोरांना 'व्हॉय' सांगितल्यावर दुसरं काय होणार? रोज संध्याकाळी मागच्या मैदानात "व्हय! व्हय! व्हय!" असा कल्ला चालतो, नवीन माणसाला वाटेल ही सगळी पोरं एवढी कशाला हो म्हणतायत.

समोरच्या गोलच्या मागं एक दिसणारा माणूस उभा करायचा असतो, गोल कुठंय ते ओरडून सांगायला. ते काम यांनी घेतलं. यांनी मध्ये शूज सोडून परत आपली करकर वाजणारी पायताणं घालायला काढली होती, घरात कुठून कुठं जातोय ते शंभूला कळावं म्हणून, त्यावर शंभूनं त्यांना शाळेत ती घालून यायची बंदी केली होती, पोरं हसतात म्हणून. तर परवा मी गच्चीवर कपडे काढत होते, खाली मैदानात अंधार पडत आलेला, हे गोलच्या मागनं "उजवीकडं! सरळ! मार!" असं जीव तोडून ओरडत होते आणि पट्टी बांधलेला शंभू बॉल पायाखाली धरून थांबला.

"पप्पा, ओरडू नका," तो म्हणाला, "नुसते इकडून तिकडं चाला."